बिनसुरांची प्रत

सांगजू, आठव्या महिन्याची चोवीस

चि. युनवोल हिस आजीचे आशीर्वाद. ते किती आहेत ते मोजत बसू नकोस, वाचून झालं की उत्तर लिहायला बस.

काल दुपारी तुझं कोमुन्गो घरी आलं. तू आली नाहीस, तुझा निरोप आला नाही, वाद्य तेवढं आलं. तुमच्याकडचा म्हातारा चिलबोक ते पाठीला बांधून येचोनहून चालत आला. वरून गवताची चटई गुंडाळलेली आणि सुंभानं अशी आवळलेली, की मला वाटलं व्याह्यांनी डुक्कर पाठवलं. एवढं लांब डुक्कर कुठल्या मुलखात होतं म्हणून सोडून बघते, तर तुझ्या आजोबांचं वाद्य. सहाही रेशमी तारा सैल केलेल्या, वाजवायची बांबूची काडी पोटाशी बांधलेली. मढं बांधतात तसं.

चिलबोकला विचारलं, तर म्हणतो मी नुसती पाठ आहे, तोंड घरी ठेवून आलोय. त्याला मुगाची धिरडी घातली, भाताची दारू दिली. दुसऱ्या वाडग्याला एवढंच बोलला, की धाकट्या वहिनीसाहेब धड आहेत, जेवतात. तेवढ्यावर मी रात्र काढली.

सोबत तुझ्या सासूबाईंची चिठ्ठी होती. अक्षर असं सुरेख की बघत राहावं, आणि मजकूर असा की चुलीत घालावा. सुनेच्या हातून घराच्या रीतीला न शोभणारा प्रकार घडला, सबब ही वस्तू आपणाकडे परत. वस्तू म्हणे. लग्नात हीच वस्तू तुझ्या रुखवतात मधोमध मांडली होती, तेव्हा तुझ्या सासरचे सगळे ग्वोन वाकून वाकून बघत होते आणि विचारत होते, मुलीला येतं का हो. येतं म्हटल्यावर माना डोलावत होते. तेव्हा घराची रीत कुठे गेली होती, परसात?

युनवोल, तू काय केलंस? खरं लिही. खरं कळलं तर मला भांडता येतं. अर्धवट कळलं तर नुसतं चिडता येतं, आणि चिडून माझं पोट बिघडतं. तुझी आई असती तर हे पत्र तिनं लिहिलं असतं आणि रडून कागद भिजवला असता. मी तिची सासू होते, मला ते वळण नाही.

जावईबापू डोंगरातल्या मठात परीक्षेचा अभ्यास करताहेत ना अजून? करू देत. घर पेटलं की पुरुषाला अभ्यास असतोच.

लोभ आहेच. तो टिकवायचा असेल तर काही लपवू नकोस.

आजी

येचोन, नवव्या महिन्याची तीन

ती. आजीस युनवोलचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे. चोरी केलेली नाही, उलट बोललेली नाही. तू धिरडी घातलीस हे चिलबोकनं येऊन सगळ्या घराला सांगितलं, म्हणजे तोंड तो अगदीच घरी ठेवत नाही.

झालं ते असं. इथे आजेसासूबाईंच्या खोलीत रोज दुपारी गोष्ट वाचायची पद्धत आहे. त्यांना आता अक्षर दिसत नाही, पण कान अजून लख्ख आहेत. बायका शिवण घेऊन बसतात आणि मी वाचते. संध्याकाळी मामंजी आपल्या आईची विचारपूस करायला येतात ते बाहेर ओट्यावर टेकतात. विचारपूस दोन शब्दांत होते, टेकणं मात्र लांबतं. आत काय वाचलं जातंय याच्याशी आपला संबंध नाही असा चेहरा करून ते भिंतीकडे बघत असतात.

रुखवतासाठी तू माझ्याकडून जी जिन कुमारीची गोष्ट उतरवून घेतली होतीस ना, तिचे तिन्ही भाग मागच्या महिन्यात संपले. शेवट तुला माहीत आहे. लढाईत ताटातूट झालेली, दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलंही नाही. लग्न ठरण्याआधी त्यानं भिंतीपलीकडून तिचं कोमुन्गो एकदा ऐकलेलं, एवढीच काय ती ओळख. मग तो सेनापती होऊन भिक्षुणींच्या मठाजवळून चाललेला असतो, आतून तेच सूर येतात आणि तो घोडा थांबवतो. सगळ्या रडल्या. सासूबाईंनी बाहीनं डोळे पुसले. माझी धाकटी नणंद ओकदान, जिचं लग्न येत्या वसंतात आहे, ती मागेच लागली की वहिनी, ते सूर कसे असतील ते दाखवा.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत दार लावून मी हळू वाजवलं. पण वारं बैठकीकडे वाहत होतं, आणि बैठकीत आनदोंगचे एक वडीलधारे नातेवाईक आले होते. ते हसून म्हणाले म्हणे, की ग्वोनांनी आता घरातच कलावंतीण ठेवली का.

मामंजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सासूबाईंना बोलावून सांगितलं की वाद्य आजच परत जाईल, आणि यापुढे आतल्या घरातून ते सूर आले तर वाद्याच्या मागून सूनही जाईल. आणखी असं, की हे सगळं त्या गोष्टीमुळे झालं. पण गोष्ट सासूबाईंना आवडते आणि ओकदानच्या रुखवतात त्यांना ती द्यायची आहे. तेव्हा मी तिची नवी प्रत करायची, आणि तिच्यातलं वाजवणं तेवढं सगळं गाळायचं. जुनी प्रत कपाटात कुलपात गेली आहे. मला दर दिवशी थोडी थोडी काढून मिळते.

आजी, मामंजी स्वतः फार छान वाजवतात. संध्याकाळी बैठकीतून ऐकू येतं. मी त्या वेळी भांडी मुद्दाम हळू ठेवते.

नाही म्हणू का? हात दुखतो म्हणू का? की निघूनच येऊ? तू सांगशील ते करीन. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी
युनवोल

सांगजू, नवव्या महिन्याची नऊ

चि. युनवोल हिस आशीर्वाद.

निघून येऊ म्हणे. अजिबात यायचं नाही. त्यांनी हाकललं तर ये, मी भात घालीन आणि वेशीवर जाऊन त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करीन. पण आपल्या पायांनी आलीस तर उद्या सगळा मुलूख म्हणेल की वाजवणारी मुलगी नांदत नाही, आणि ते खोटं मला ऐकवणार नाही.

आता तुझ्या मामंजींविषयी. बैठकीत बसून स्वतः तेच वाद्य मांडीवर घेतात. तेव्हा ते काय असतं? मन शुद्ध करणं असतं. विद्या असते. थोरामोठ्यांची परंपरा असते. आणि त्याच सहा तारांना सुनेची काडी लागली की बाजार. स्वतःच्या साठीच्या जेवणाला आनदोंगहून पालखीत घालून कलावंतिणी कुणी आणल्या होत्या, मी? तेव्हा त्या पाहुण्यांचे कान विटाळले नाहीत, चांगले पहाटेपर्यंत ताठ उभे होते. परक्या बाईनं पैसे घेऊन वाजवलं तर रसिकता, आणि घरच्या मुलीनं दार लावून वाजवलं तर अब्रू गेली. अब्रू आहे की तांदळाची पेज, वारा आला की साय धरते?

मी शिकलेली नाही. बायकांची अक्षरं तेवढी तुझ्या आजोबांनी चुलीच्या राखेत बोटानं काढून शिकवली. चिनी अक्षरं बघितली की मला ओल्या मातीत कावळे नाचलेले दिसतात. पण गोष्टी मी जन्मभर ऐकल्यात, आणि त्या कशावर उभ्या असतात ते मला तुझ्या मामंजींपेक्षा जास्त कळतं.

गोष्टीतल्या घरंदाज मुलीला कुणी बघितलेलं असतं का? भिंत असते, भिंतीआड अंगण, अंगणाआड दार, दाराआड पडदा. चिठ्ठी लिहावी तर सावत्र आई पकडते. दासी पाठवावी तर ती फितूर होते. मग त्या मुलीचं बाहेर जाणार काय? सूर. त्याला दाराशी कुणी अडवत नाही, त्याचे पाय कुणाला दिसत नाहीत. म्हणून गोष्टी रचणाऱ्यांनी एकीएकीच्या मांडीवर वाद्य दिलं. शोभेला नाही दिलं. ती तिची वाट आहे. तिला चांगलं स्थळ मिळतं ते सुरावर, ती परक्या दारी ओळखली जाते ती सुरावर, मेली समजलेली परत सापडते ती सुरावर. ती वाजवते तेव्हा आभाळातले करकोचे खाली उतरतात ते काय तिचे दागिने बघून?

आणि हे गाळा म्हणतात. गाळ.

हो, मी गाळच म्हणतेय. नीट वाच. तू प्रत कर. हात दुखतो म्हणू नकोस, नाक मुरडू नकोस. जिथे जिथे तार वाजते, बासरी वाजते, कुणी नुसतं गुणगुणतं, तिथे तिथे ओळ उडव. पण त्या जागी दुसरं काही घालू नकोस. अंगठी नको, रुमाल नको, स्वप्नात येणारा म्हातारा नको, हनुवटीवरचा तीळ नको. तुला भोक पाडायला सांगितलंय, ठिगळ लावायला कुणी सांगितलेलं नाही. आज्ञाधारक सून हो. इतकी आज्ञाधारक हो, की घराला ते सोसवू नये.

आणि झाली प्रत की ओकदानला द्यायच्या आधी आजेसासूबाईंना वाचून दाखव. चूकभूल बघायला नको का.

विहीणबाईंना मी वेगळं लिहिते आहे. घाबरू नकोस, शिवी एकही घालणार नाही. तुझ्यावरचा लोभ माझ्या रागासारखाच, कमी होत नाही.

आजी

सांगजू, नवव्या महिन्याची नऊ

सौ. विहीणबाई यांस सांगजूच्या व्याह्यांकडून स. न. वि. वि.

आपली वस्तू पोचली. म्हणजे आमचीच. चटईही पोचली, ती धुऊन परत पाठवते आहे. आमच्याकडे वाद्यं चटईत बांधत नाहीत, त्यामुळे तिचा उपयोग होईना.

मी अडाणी बाई, मला दोन गोष्टी कळल्या नाहीत, त्या आपण कृपा करून समजावून सांगाव्यात. जिन कुमारीनं वाजवलं तेव्हा आपण बाहीनं डोळे पुसलेत असं ऐकते. युनवोलवर रागावू नका, मी विचारलं म्हणून तिनं लिहिलं. तर कागदावरचे सूर ऐकून आपले डोळे भरले, आणि दुसऱ्या दिवशी तेच सूर शेजारच्या खोलीतून खरोखरचे आले तर त्यात बेअब्रू कसली झाली? कागदावरची बाई चालते, जिवंत चालत नाही, अशी काही रीत ग्वोनांकडे आहे का? असल्यास लग्नाआधी सांगायची होती. मी कागदाचीच मुलगी पाठवली असती. तिला भातही लागला नसता.

दुसरं, आपली ओकदान वसंतात परक्या घरी जाईल. तिथे तिनं काही मन लावून केलं आणि कुणा पाहुण्याला हसू आलं, तर तिकडून आपल्याकडे काय बांधून पाठवावं, हेही आपण आत्ताच ठरवून ठेवावं.

थंडी लवकर पडते आहे, सासूबाईंच्या खोलीची चूल विझू देऊ नका. कोबी आणि मुळा यंदा आमच्याकडे बरा आहे, हवा असल्यास कळवा. भांडण वेगळं आणि मुळा वेगळा. आपलेपणा आपण ठेवलात तर मीही ठेवीन.

युनवोलची आजी

येचोन, नवव्या महिन्याची सतरा

सांगजूच्या वडीलधाऱ्या विहीणबाईंना स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. मी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा संताप आला. दुसऱ्यांदा वाचताना दार लावून घेतले.

आपल्याला लिहिणे सोपे आहे. आपल्या डोक्यावर आता कोणी नाही, म्हणून जीभ आपली आहे. माझे केस पांढरे झाले तरी मी या घरात सूनच आहे. कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात, शब्द नसतो. पाहुणे हसले तेव्हा घरधन्यांनी मला विचारले की ही सून कोणी निवडली. मी निवडली. नवऱ्यामुलाच्या आत्यांनी दोन श्रीमंत स्थळे पुढे केली होती, ती बाजूला सारून निवडली. चटई माझ्याच सांगण्यावरून बांधली, कारण वाटेत चार लोकांनी वाद्य पाहिले असते तर ते सर्वांना कळले असते आणि मग आपल्या नातीला या घरात ठेवणे माझ्या हातात राहिले नसते. आपण ती धुऊन पाठवलीत, आभारी आहे.

दहाव्या महिन्यात पूर्वजांच्या थडग्यांवर नैवेद्य असतो, त्याला भाऊबंद जमतील. आनदोंगचे तेच पाहुणे येतील आणि सर्वांसमोर पुन्हा विचारतील. घरधन्यांना तेव्हा काहीतरी उत्तर द्यावे लागेल. सुनेला परत पाठवले, हेही एक उत्तर आहे. ते त्यांच्या मनात येऊन गेले आहे, हे मी आपल्यापासून लपवत नाही.

प्रत चालू आहे. तिचा हात चांगला आहे. वाजवण्याची पाने ती न कुरकुरता वगळते, त्याचे मला आश्चर्य वाटते.

मुळा पाठवावा. लोभ ठेवावा असे कसे लिहू, पण तुटू देऊ नये.

येचोनची विहीण

येचोन, दहाव्या महिन्याची आठ

ती. आजीस युनवोलचा सा. न. वि. वि.

तुझा मुळा खारवून रांजणात गेला, सोयाबीनच्या ढेपा वळचणीला टांगल्या, आणि प्रत पूर्ण झाली. तीन भागांचे दोनच झाले. शेवटी रीतीप्रमाणे लिहिलं की अक्षर वाईट आहे, चुकलंमाकलं पदरात घ्यावं. मग तू म्हणालीस तसं आजेसासूबाईंना वाचून दाखवू का, असं सासूबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वाच म्हणाल्या.

पहिल्याच दुपारी कुरकुर सुरू झाली. लढाईतून पळालेली जिन कुमारी मठाच्या दारात येते, आणि मूळ गोष्टीत थोरली भिक्षुणी तिला एकदा वाजवायला सांगते, तेव्हा करकोचे उतरतात आणि ती कोण ते कळतं. आता करकोचे नाहीत, काही नाही. भिक्षुणी म्हणते की अशा भटक्या मुली रोज येतात, आणि दार लावते. मग कुमारी मठात राहते कशी, हे मलाही माहीत नव्हतं, म्हणून पुढच्या ओळीत ती मठात होती एवढंच लिहिलं होतं. आजेसासूबाई म्हणाल्या, भिंतीवरून उडी मारली काय.

दुसऱ्या दुपारी शत्रूचा वेढा आला. तुला आठवतं, टेकडीवरून रात्रभर एकच बासरी वाजते आणि शत्रूच्या शिपायांना आपापल्या आयांची आठवण होऊन ते हत्यारं टाकून निघून जातात. माझ्या प्रतीत शत्रू आला, रात्र झाली, सकाळी शत्रू उठून घरी गेला. ओकदान हसायला लागली ती थांबेना. सासूबाईंनी तिला सुई टोचली, पण त्यांचेही खांदे हलत होते. बाहेर ओट्यावर मामंजी खाकरले.

तिसऱ्या दिवशी शेवट होता. मामंजी त्या दिवशी विचारपूस करायला ऊन असतानाच आले. मी वाचलं, की सेनापती घोड्यावर बसून मठाच्या भिंतीजवळून गेला. पुढे नदी लागली. नदी ओलांडून तो राजधानीत पोचला. समाप्त.

कुणाची सुई हलेना. आजेसासूबाईंना वाटलं की मी पान चुकवलं, पुन्हा वाच म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. सेनापती पुन्हा गेला. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या दाईनं डोळ्याला पदर लावला आणि त्याला शिव्या द्यायला लागली. तिला हसावं असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही, आजी. आतापर्यंत सगळ्या चिडलेल्या होत्या, आता घाबरल्यासारख्या झाल्या. ती भिंतीआड बसलेली आहे आणि कुणालाच ते माहीत नाही, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

तेवढ्यात बाहेरून मामंजींचा आवाज आला. गोष्टीविषयी त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही.

"आणि ती? ती तर भिंतीपलीकडेच होती. त्याला कळलं कसं नाही?"

आजेसासूबाईंनी दाराकडे तोंड केलं.

"तूच काढायला लावलंस ना. मग तूच सांग आता, कसं कळावं त्याला."

मामंजी म्हणाले की त्याच्या मनाला आतून जाणवलं असं लिहावं. त्या म्हणाल्या की ज्यानं तिला कधी बघितलं नाही आणि आता ऐकलंही नाही, त्याच्या मनाला काय माती जाणवणार. मामंजी म्हणाले की आई, ही गोष्ट आहे. त्या म्हणाल्या की गोष्ट आहे म्हणूनच, खऱ्यात तर असल्या मुली भिंतीआडच मरतात, ते ऐकायला मी दुपारची झोप मोडत नाही. मग त्यांनी हुकूम केला, की सुनेचं वाद्य तू घालवलंस, तर तुझं आण. माझा काही भरवसा नाही, मी जायच्या आत ती मुलगी सापडली पाहिजे.

आजी, मामंजी उठून गेले. मला वाटलं आता चिलबोकला बोलावतात आणि माझी बोचकी बांधायला लावतात. पण ते स्वतःच कोमुन्गो घेऊन आले. दासीला सांगायचं तर ती तारा उतरवून ठेवेल म्हणाले. उंबऱ्यावर ठेवलं, आत बघितलं नाही, आणि परत ओट्यावर बसले.

मी जुन्या प्रतीतलं ते पान पाठच म्हटलं आणि मग वाजवलं. त्यांचं वाद्य आपल्यापेक्षा जड आहे, काडीला जोर जास्त लागतो. मधेच सूर कच्चा आला तसे बाहेरून मामंजी म्हणाले की तिसरी तार उतरली आहे. मी ती चढवली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दार कुणी लावलं नाही.

सेनापतीनं घोडा थांबवला. आजेसासूबाई हं म्हणाल्या आणि तिथेच आडव्या झाल्या.

आता चार दिवसांनी थडग्यांवरचा नैवेद्य आहे आणि भाऊबंद येणार आहेत. काय होईल मला माहीत नाही. झालं ते आधी तुला कळवते. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
युनवोल

येचोन, दहाव्या महिन्याची चौदा

सांगजूच्या विहीणबाईंना स. न. वि. वि.

नैवेद्य यथास्थित पार पडला. अपेक्षेप्रमाणे आनदोंगच्या पाहुण्यांनी सर्वांसमोर तो विषय काढला. घरधनी म्हणाले की आतल्या घरात जे वाजते ते त्यांच्या मातोश्रींच्या आज्ञेने वाजते, आणि त्यांच्या आज्ञेविषयी कोणाला काही विचारायचे असल्यास त्यांनी आत जाऊन त्यांनाच विचारावे. कोणी गेले नाही.

तेव्हा सून इथेच राहील. दुपारची गोष्ट चालू आहे. ओकदान जुन्या प्रतीवरून स्वतः नवी प्रत करते आहे, सर्व पानांसह.

एक विनंती. घरधन्यांचे वाद्य त्या दिवसापासून आतच राहिले आहे. सून काही म्हणत नाही, पण ते मागायला त्यांना संकोच वाटतो आणि संध्याकाळी ते नुसतेच बसून असतात. आपल्याकडील कोमुन्गो परत पाठवलेत तर सर्वांचीच सोय होईल. या वेळी चांगल्या कापडात बांधून आणण्याची व्यवस्था मी करते.

मुळा उत्तम मुरला आहे. आपण ठेवलात तेवढाच आपलेपणा इकडूनही आहे, असे समजावे.

येचोनची विहीण

सांगजू, दहाव्या महिन्याची वीस

चि. युनवोल हिस आजीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, विहीणबाईंचंही वाचलं. तुझ्या सासूला मी आधी ओळखलं नव्हतं. बाई बरी आहे. तिला तसं सांगू नकोस, बिघडेल.

मला आनंद झाला असेल असं तुला वाटत असेल. झाला, अर्धा वाडगा झाला. उरलेल्या अर्ध्यात राग आहे तो तसाच आहे. मातोश्रींची आज्ञा म्हणे. भर सभेत तोंड उघडलं ते आईच्या पदराआडून. सून वाजवते, तिला येतं, मी ऐकलं आणि मला आवडलं, असं म्हणायला यांची जीभ जड होते. ती म्हातारी आहे तोवर तिची आज्ञा. ती गेली की आज्ञाही तिच्याबरोबर डोंगरावर पुरतील आणि तू पुन्हा भिंतीआड. माणसाला कान असून कबूल करता येत नाही, त्याला विद्वान म्हणतात वाटतं तुमच्याकडे.

पण तारेचं बोलून गेले ना. तिसरी उतरली आहे म्हणाले. ज्याला सुनेच्या वाजवण्याची लाज वाटत असते तो तार उतरली तर खूश होतो, चढव म्हणत नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना चार शिव्या कमी देते.

आता मी सांगते ते लक्षात ठेव. विहीणबाईंना मी लिहिलं आहे की पावसानं वाट खचली आहे, ओढ्यावरचा पूल हलतो आहे, चिलबोकचंही वय झालं, तेव्हा कोमुन्गो इतक्यात पाठवता येणार नाही. वाट ठणठणीत आहे. पूलही. तुझं वाद्य मी तारा ताणून बैठकीत भिंतीला उभं करून ठेवलंय, ते तिथे मजेत आहे.

ते मी पाठवलं तर काय होईल? त्यांचं बैठकीत जाईल, तुझं तुझ्या खोलीत येईल, आणि दोन्ही दारं लागतील. मग त्यांना तुझी गरज नाही आणि तुला कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा त्यांचंच वापर. स्वच्छ ठेव, तारा बघत जा, दुपारी आजेसासूबाईंकडे वाजव आणि झालं की तुझ्याच खोलीत नेऊन ठेव. आपणहून परत करू नकोस. त्यांना वाजवायची हुक्की आली की येऊ देत आतल्या दारापर्यंत. उभं राहू देत, खाकरू देत, आणि सूनबाई, कोमुन्गो द्या, असं तोंडानं म्हणू देत. लगेच दे. वर डोळे करू नकोस, हसू नकोस, दोन्ही हातांनी दे. दुसऱ्या दिवशी दुपारी मागून आण.

असं रोज मागावं लागलं की एखाद्या वर्षात त्यांना सवय होईल, की या घरात वाजवणारी दोन माणसं आहेत. आज्ञा मरते, सवय मरत नाही.

आणि ती तुझी बिनसुरांची प्रत जाळू नकोस. आनदोंगचे पाहुणे पुढच्या खेपेला आले की त्यांना वाचायला दे.

जेवत जा. काडी धरायचं बोट सोललं असेल तर तिळाचं तेल लाव. लोभ कर म्हणून मी सांगत नाही, तो तू करशीलच. पत्र मात्र लिहीत जा, मला भांडायला विषय लागतो.

आजी